मांडवी पूल, पणजी

पणजी शहर आणि बार्देस तालुक्यातील पर्वरी यांना जोडणारा मांडवी नदीवरील रस्ता पूल. आज या जागी एक नव्हे, तीन पूल उभे आहेत. तरी बोलण्यात ‘मांडवी पूल’ हा एकवचनी उल्लेखच रूढ आहे.

पोर्तुगीज राजवटीत पणजीजवळ मांडवी ओलांडणारा पूल नव्हता. सतराव्या शतकातील ‘पोंते दि लिन्यारिस’ हा पणजी-रायबंदर मार्ग नदीकाठाने जातो, पात्र ओलांडत नाही. बेतीला जायचे तर होडी, गॅसोलिन किंवा फेरीबोट एवढेच पर्याय असत. गोवा मुक्तीनंतर, १९७० च्या सुमारास, पहिला पूल वाहतुकीस खुला झाला आणि उत्तर गोवा राजधानीशी रस्त्याने जोडला गेला.

हा पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा होता. अशा बांधणीत काँक्रीटच्या आतून ताणून बसवलेल्या पोलादी तारा भार पेलतात. त्या दिसत नाहीत, म्हणून त्यांना लागलेला गंजही दिसत नाही. समुद्र जवळ, भरतीचे खारे पाणी आणि कोकणचा पाऊस या परिस्थितीत तारा आतून कुजत गेल्या. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, पूल कोसळला. जो पूल पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा, तो दोन दशकेही टिकला नाही. पणजी आणि बार्देस पुन्हा फेरीबोटीच्या भरवशावर आले. भारतीय पूलबांधणीत गंजाचा प्रश्न निघाला की या दुर्घटनेचा दाखला आजही दिला जातो.

नव्वदच्या दशकात येथे दोन समांतर पूल झाले: आधी नवा, नंतर कोसळलेल्या पुलाच्या जागी दुसरा. मात्र पर्वरीचा विस्तार आणि राष्ट्रीय महामार्गावरील वाढती वाहने यांपुढे तेही अपुरे पडू लागले.

या दोन पुलांच्या मधून, त्यांच्याहून उंचावरून जाणारा केबल-आधारित ‘अटल सेतू’ २७ जानेवारी २०१९ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते खुला झाला. आजारी असलेले मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर समारंभास उपस्थित होते; पुढे दोन महिन्यांच्या आत त्यांचे निधन झाले. जोडरस्त्यांसह सेतूची लांबी सुमारे ५.१ किलोमीटर आहे. त्यावर दुचाकींना मनाई करण्यात आली. घरोघरी स्कूटर असलेल्या गोव्यात ही अट लहान नव्हे. दुचाकीस्वारांसाठी खालचे पूल आणि पणजी-बेती फेरीबोट हेच मार्ग राहिले.