फोटोत नसलेला तांडेल

या मालिकेत आपण आजवर लढायांवर बोललो, किल्ल्यांवर बोललो, रसदीवर तर दोन भाग झाले. आज विषय मासेमारीचा आहे. कर्नलसाहेब निवृत्तीनंतर भरकटले असं कुणाला वाटलं तर माझी हरकत नाही. पण शेवटपर्यंत ऐकाल तर लक्षात येईल की प्रश्न आपला नेहमीचाच आहे: काम कोण करतं आणि नोंद कुणाची राहते?

सुरुवात एका फोटोपासून करू.

बिमिनीचा धक्का

तारीख २० जुलै १९३५. ठिकाण बिमिनी, बहामातलं एक चिमुकलं बेट, मायामीच्या पूर्वेला साधारण ८० किलोमीटरवर. धक्क्यावर चार प्रचंड मार्लिन मासे टांगलेले आहेत. शेजारी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे, त्याची पत्नी पॉलिन आणि तीन मुलं. शिकारीचे फोटो असतात तसाच हा आहे. पाहणाऱ्याची नजर आधी माशांवर जाते, मग माणसांवर.

सैन्यात असताना मला एक सवय लागली. गस्तीचा फोटो समोर आला की मी आधी विचारायचो, फोटोच्या बाहेर कोण आहे? वायरलेसवाला कुठे? वाट दाखवणारा गावकरी कुठे? बिमिनीचा फोटो पाहिला तेव्हाही तोच प्रश्न मनात आला. एवढे मासे बोटीवर घेणारे बाकीचे हात कुठे आहेत?

बोट

बोटीचं नाव ‘पिलार’. ब्रुकलिनच्या व्हीलर गोदीत १९३४ साली बांधलेली, ३८ फूट लांब, काळ्या रंगाची. किंमत साधारण साडेसात हजार डॉलर. त्यातला काही पैसा ‘एस्क्वायर’ मासिकाने पुढे छापायच्या लेखांपोटी आगाऊ दिला होता. म्हणजे बोट आधी आली आणि लेख नंतर फेडायचे होते.

बोटीला दोन इंजिनं होती. मोठं ७५ अश्वशक्तीचं, प्रवासासाठी. लहान ४० अश्वशक्तीचं, आमिष ओढत हळू चालण्यासाठी. मागचा काठ मुद्दाम खाली घेतला होता आणि त्यावर आडवा लाकडी रूळ बसवला होता, मोठा मासा त्यावरून सरकवत आत घेता यावा म्हणून. ज्याने हे सांगून करून घेतलं त्याला काम कळत होतं, यात शंका नाही. पण बोट कितीही चांगली असली तरी मासा कुठे आहे, हे तिला कोणीतरी सांगावं लागतं.

हवाना, १९३४

जुलै १९३४ मध्ये पिलार की वेस्टहून हवानाला निघाली. अंतर सुमारे १७० किलोमीटर. त्या हंगामात बोटीवर कार्लोस गुतिएरेस हा क्यूबन मच्छीमार होता. एक स्वयंपाकी होता. आणि आर्नल्ड सॅम्युअलसन नावाचा मिनेसोटाचा एक तरुण होता. लिहायचं शिकायला म्हणून तो वाटेत मिळेल त्या वाहनाने हेमिंग्वेच्या दारात पोचला होता. त्याला दिवसाला एक डॉलरवर बोटीची राखण मिळाली. रोजनिशी हेमिंग्वे तोंडाने सांगायचा आणि हा पोरगा लिहून घ्यायचा.

आता कार्लोसबद्दल. क्यूबाच्या किनाऱ्यालगत मोठे मार्लिन जातात, ही गोष्ट हेमिंग्वेला पहिल्यांदा कळली ती याच माणसाकडून, पिलार बांधली जाण्याच्या काही वर्षं आधी. तोवर हवानाचे कोळी हा मासा पोटासाठी धरत होते. स्पॅनिशमध्ये ते त्याला ‘आगुहा’ म्हणजे सुई म्हणत. पांढरी सुई, काळी सुई, अशी त्यांची स्वतःची वर्गवारी होती.

त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. हवानासमोर गल्फ स्ट्रीमचा प्रवाह पूर्वेकडे वाहतो. मार्लिन त्या प्रवाहाच्या विरुद्ध, पश्चिमेकडे पोहत येतो. कोळी लहान होडीतून प्रवाहाबरोबर वाहत जायचे आणि हातदोऱ्या वेगवेगळ्या खोलीवर सोडायचे. पूर्वेकडचा वारा प्रवाहाला आडवा आला की समुद्र खवळतो आणि मासा वर येतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे शौकिनाला ज्या दिवशी बंदरात बसावंसं वाटतं, तोच कामाचा दिवस. ही माहिती कुठल्या नकाशावर नव्हती. ती लोकांच्या डोक्यात होती, आणि बापाकडून मुलाकडे येत होती.

त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीचे संचालक चार्ल्स कॅडवालडर आणि मत्स्यतज्ज्ञ हेन्री फाउलर पिलारवर आले. मार्लिनच्या जाती नेमक्या किती, हा घोळ त्यांना सोडवायचा होता. पुढच्या वर्षी फाउलरने एका वेगळ्याच काटेरी माशाला शास्त्रीय नाव दिलं, ‘निओमेरिंथे हेमिंग्वेयी’. बोटीच्या मालकाचं नाव विज्ञानात कायमचं गेलं. कार्लोसच्या नावाचा मासा नाही.

बिमिनी, १९३५

पुढच्या वर्षीच्या हंगामाची सुरुवात फजितीने झाली. ७ एप्रिलला पिलार बिमिनीकडे निघाली. बरोबर लेखक जॉन डॉस पॅसोस, त्याची पत्नी आणि चित्रकार हेन्री स्ट्रेटर होते. वाटेत शार्क गळाला लागला. त्याला आकड्याने ओढून धरलं असताना हेमिंग्वेने पिस्तूल झाडलं. गोळी पितळी पट्टीवर आपटून फुटली आणि तुकडे त्याच्याच दोन्ही पोटऱ्यांत घुसले. बोट परत फिरली. आमच्याकडे असं झालं असतं तर चौकशी बसली असती. त्याने त्यावर लेख लिहिला आणि छापून आणला!

काही दिवसांनी बोट पुन्हा निघाली आणि या खेपेला पोचली. बिमिनीची खरी अडचण मासा गळाला लावण्याची नव्हती. वर येईपर्यंत शार्क त्याचे लचके तोडत. स्ट्रेटरच्या मोठ्या मार्लिनचं हेच झालं. हेमिंग्वेने शार्कांवर टॉमी गन चालवली. पाण्यात रक्त वाढलं, त्या वासाने आणखी शार्क आले आणि माशाचा अर्धाअधिक भाग गेला. गोळीबाराने शत्रू कमी व्हायच्या ऐवजी वाढला. असा प्रसंग आपल्यापैकी काहींनी जमिनीवरही पाहिला असेल.

उपाय एकच होता, माशाला उसंत न देता लवकर वर आणायचं. आणि इथे मंडळी, खलाशांचं काम नीट समजून घ्या. मासा पळाला की सुकाणूवरच्या माणसाने बोट अशी वळवायची की दोरी मागच्या बाजूलाच राहिली पाहिजे. जरा चूक झाली की दोरी पंख्यात जाऊन तुटते. मासा जवळ आला की दुसऱ्याने दोरीच्या टोकाची तार हातमोजे घालून धरायची. त्या क्षणी माशाने बुडी मारली आणि तारेचा वेढा हाताला बसला, तर माणूस समुद्रात. मग आकडा घालायचा, मग रुळावरून आत ओढायचं. खुर्चीतल्या माणसाचे हात आणि पाठ मोडतात, ते खरंच आहे. पण लढाई एकट्याची नसते.

नियम काय म्हणतो

१९३९ मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना न्यूयॉर्कला स्थापन झाली. सुरुवातीच्या पदाधिकाऱ्यांत हेमिंग्वेही आला. तिचा मूळ नियम असा: मासा लागल्यावर रॉड, रीळ किंवा मुख्य दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर विक्रम बाद. नियम योग्यच आहे, नाहीतर चौघांनी ओढलेला मासा एकाच्या नावावर लागेल. पण नियमाचा एक परिणाम होतो. विक्रमांच्या यादीत माशाची जात, वजन, ठिकाण, तारीख आणि गळ धरणाऱ्याचं नाव असतं. सुकाणू धरणाऱ्यासाठी त्या यादीत रकाना नाही. कुणी कुणाचं श्रेय चोरत नाही, रकानाच नसतो.

आता हेमिंग्वेला न्याय द्यायला हवा. बढाईखोर म्हणून त्याची ख्याती होती. पण ‘एस्क्वायर’चा पहिलाच अंक १९३३ च्या शरदात निघाला, तेव्हा त्यातल्या लेखात आपल्याला मार्लिनची माहिती कुणी दिली हे त्याने कार्लोसचं नाव घेऊन छापलं. एप्रिल १९३६ च्या लेखात त्याने एका म्हाताऱ्या कोळ्याचा किस्सा थोडक्यात लिहिला. एकट्याने होडीतून मोठा मार्लिन धरला आणि तो शार्कांनी खाल्ला, असा. १९३९ मध्ये याच गोष्टीवर लिहायचं ठरलं, तेव्हा तपशील अचूक यावेत म्हणून कार्लोसबरोबर त्याच्या होडीतून समुद्रात जायचा बेत त्याने आपल्या संपादकाला पत्राने कळवला. ते पुस्तक १९५२ साली आलं, ‘द ओल्ड मॅन अँड द सी’. आपल्यापैकी अनेकांनी ते पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’मधून वाचलेलं आहे.

१९३८ पासून पिलारवर कार्लोसच्या जागी ग्रेगोरियो फुएंतेस आला. महायुद्धात हीच बोट हत्यारं घेऊन जर्मन पाणबुड्या शोधत फिरली. लढाई एकही झाली नाही, पण फुएंतेस त्या गस्तीवरही होता. हेमिंग्वेच्या मृत्यूनंतर पिलार त्याच्याकडेच आली. त्याने ती क्यूबाच्या सरकारकडे सोपवली आणि आज ती हवानाजवळ हेमिंग्वेच्या घराच्या आवारात उभी आहे. फुएंतेस २००२ साली वारला, वयाच्या १०४ व्या वर्षी. आणि सॅम्युअलसन? तो १९८१ मध्ये गेला. त्याच्या मागे कागदांत त्या वर्षाच्या आठवणींचं हस्तलिखित सापडलं, ते मुलीने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. पगारी राखणदाराने लिहून ठेवलं, म्हणून बोटीवरचं रोजचं जगणं आपल्याला कळतं.

माझा फोटो

आता जे सांगायला हा विषय घेतला, ते सांगतो.

२००४ च्या सुरुवातीला माझी नेमणूक पोर्ट ब्लेअरला होती. एका रविवारी आम्ही तिघे अधिकारी जंगलीघाटावरून मासेमारीला गेलो. होडी एका वयस्कर तेलुगू मच्छीमाराची. सगळे त्याला अण्णा म्हणत, आम्हीही म्हटलं. पक्षी कुठे घिरट्या घालतायत ते पाहून तो होडी वळवत होता. माझ्या गळाला सुरमई लागली आणि मी शहाण्यासारखा जोर लावला. तो मागून शांतपणे म्हणाला, “साब, अभी ढील दो.” ढील दिली म्हणून दोरी वाचली. चौदा किलोची सुरमई निघाली. धक्क्यावर फोटो काढला. मी, दोन मित्र, मासा. अण्णा होडी धूत होता. मेसमध्ये ती गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी त्यात अण्णा थोडा थोडा कमी होत गेला.

जूनमध्ये माझी बदली झाली. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. चौकशीसाठी मी पोर्ट ब्लेअरच्या मित्राला फोन लावला. युनिटची खबर घेतली, मग म्हटलं, जंगलीघाटावर एक अण्णा आहे, तेवढं बघशील का?

तो म्हणाला, “सर, नाव काय त्याचं?”

जंगलीघाटावर अण्णा कितीतरी. मी गस्तीच्या फोटोत गावकरी शोधणारा अधिकारी, वॉर डायरी नीट लिहिली नाही म्हणून कनिष्ठांना झापणारा. आणि माझ्याकडे सांगायला नाव नव्हतं. तो वाचला की नाही, मला आजही माहीत नाही. विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.

मंडळी, तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला किंवा तंजावरला असा, घरात जुने फोटो असतीलच. लग्नातले, कारखान्यातले, रेल्वे कॉलनीतले. सांगणारी माणसं आहेत तोवर त्यांच्या मागे नावं लिहून घ्या. फोटोत आहेत त्यांची, आणि नाहीत त्यांचीही.

माझ्या फोटोच्या मागे मी एवढंच लिहू शकलो: ‘अण्णा. तांडेल. जंगलीघाट, २००४. नाव विचारायचं राहिलं.’

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.