आडवे होण्याची विद्या

पाणबुड्या म्हटले, की जुन्या चित्रांतले पितळी शिरस्त्राण आणि शिशाचे जोडे आठवतात. ऑगस्टस सीबे याने १८३७ च्या सुमारास तो बंद पोशाख सिद्ध केला. त्यात माणूस तळावर चाले. पोहण्याचे नाव नको! पाय जड हवेत, एवढेच त्याचे तोलाचे शास्त्र.

हे शास्त्र पालटले ते १९४३ साली. फ्रेंच नौदलातला कुस्तो आणि एमिल गान्यां हा अभियंता, या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातली हवा श्वासागणिक बेताने देणारी झडप बनविली. ती घेऊन कुस्तो पॅरिसजवळ मार्न नदीत उतरला. आडवा असता श्वास सुरेख चाले. उभा राहताच हवा वाया जाई. डोके खाली केले, की ती मिळेनाशी होई! हवा येण्याची व जाण्याची जागा एकमेकींपासून दूर होती. दोन्ही जवळ आणल्या आणि काम फत्ते झाले.

पुढे १९६१ च्या सुमारास मोरीस फेन्झीची गळ्यात घालायची फुगवटी आली. ती छातीवर असल्याने माणसाचे डोके वर उचली. १९७० नंतर अंगभर बसणारी जाकिटे आली, पाठीवर फुगणारेही प्रकार आले, आणि आडवे राहणे सोपे झाले.

माझी नात यंदा मालवणला ही विद्या शिकणार आहे. तिला मी एवढेच सांगितले: "बाळ, रंग पाहून जाकीट घेऊ नकोस. अंगावर घट्ट बसते ना, वर सरकत नाही ना, ते पाहा. सारे शिसे कमरेला बांधलेस तर पाय बुडतील. थोडे वर, नळकांड्याच्या पट्ट्याला लाव. अकरा लिटरच्या भरल्या नळकांड्यात सुमारे अडीच किलो हवा असते. ती संपत आली, की ॲल्युमिनियमचे नळकांडे तरंगू लागते. म्हणून वजनाची परीक्षा ते रिते होत आले असता घे. पाय तरंगत असतील तर पायपंख जड घे, बुडत असतील तर हलके."

यात नुसती ऐट नाही. पाय लोंबले, की पाणी अंगावर अधिक अडते, दम लागतो, हवा लवकर सरते. शिवाय गाळ उसळतो आणि किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांवर लाथ बसते. प्रवाळ वाढायला वर्षे लागतात, मोडायला एक लाथ पुरते. पाहुण्याने घरात कसे वावरावे हे आपल्याकडे मुलांना लहानपणीच शिकवतात. समुद्रही कुणाचे तरी घरच आहे.