हुनर कोणासाठी, पदवी कोणासाठी?

दहावीचा निकाल लागला की शिरपुरात पालक एकच प्रश्न घेऊन येतात, "सर, पोराला आयटीआयला घालू की अकरावीला?" काही वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याला मी झटकन आयटीआय सांगून मोकळा झालो. मुलाला गणितात चांगले गुण होते, ते मी पाहिलेही नाहीत. बापाचे ग्रीसने माखलेले हात पाहिले आणि निर्णय देऊन टाकला.

सरकारी पैसा कोणाच्या तालीमीवर जावा, हा वाद जुना आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. महसूल येतो रयतेच्या श्रमातून आणि सरकार खर्च करते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. तेव्हा धुळे, जळगाव वेगळे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि इथला कापूस पिकवणाराही त्याच रयतेतला. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, अशीही नोंद फुल्यांनी त्यात केली आहे.

त्यांनी मागितले ते सक्तीचे प्राथमिक शिक्षण. त्यात मोडी, बाळबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञानही हवे होते. पण सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. ते सर्वांच्या आवाक्यात यावे, असे त्यांचे म्हणणे होते. हा भाग आपण विसरतो.

आयोगाने माध्यमिक शाळेत दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी, दुसरी व्यापार-व्यवहाराकडे. दुसरीकडे फार कोणी फिरकले नाही, कारण सरकारी नोकरी आणि मान पहिल्या वाटेवर होते. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आजचे आयटीआय त्यातलेच. केंद्रात ही योजना अनेक दशके कामगार मंत्रालयाकडे होती, विद्यापीठे शिक्षण मंत्रालयाकडे. दोघांच्या थैल्या वेगळ्या आणि इज्जतही वेगळी.

आपल्या मोहल्ल्यातही "आपल्या पोरांना हुनर पुरे" असे सहज म्हटले जाते. हुनर कमी दर्जाचे नाही. आयटीआयला चांगली यंत्रे आणि पुरेसे शिक्षक मिळालेच पाहिजेत. पण त्यासाठी गरिबाच्या कॉलेजचा, शिष्यवृत्तीचा पैसा कापायला नको. मुलाची वाट बापाच्या धंद्यावरून ठरू नये.

तो मुलगा आज चांगला फिटर आहे. म्हणून माझी चूक बरोबर ठरत नाही. आता पालक आले की मी आधी गुणपत्रक मागतो आणि मग मुलालाच विचारतो, "बेटा, तुला काय करायचंय?"