चौमासात दमणी कुठं ठेवायची?

तिवस्यात बोलायला बोलावलं तेव्हा आयोजकांनी विषय विचारला. मी म्हटलं, गाडीवर बोलतो. त्यांना वाटलं रेल्वेगाडी! मला बोलायचं आहे ते आपल्या दमणीवर, छकड्यावर. आणि ती चालत होती तेव्हाच्या काळावर नाही, ती उभी असायची तेव्हाच्या काळावर. मृगापासून दसऱ्यापर्यंत. या चार महिन्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. पण गाडी वीस वर्षं टिकणार की पाच, हे तेव्हाच ठरायचं.

आधी गाडी का थांबायची ते पाहू. आपली जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दोन पाऊस झाले की तीच माती चाकाला लोण्यासारखी चिकटते. भरलेली गाडी आसापर्यंत रुतते. आज दारावरून नागपूर-अमरावती महामार्ग जातो, म्हणून हे आठवत नाही. दुसरं कारण बैलांचं. जी जोडी गाडीला, तीच वखराला, तिफणीला आणि डवऱ्याला. पेरणी लागली की गाडीला जुंपायला बैल आणायचे कुठून? म्हणजे गाडी ठेवून देणं ही हौस नव्हती, शेतीचं वेळापत्रकच तसं होतं. मृगाआधी शेणखत शेतात टाकायचं, कुटार आणि सरपण घरी आणायचं आणि मग गाडी सोडायची.

सोडायची म्हणजे अक्षरशः सोडायची, सुटी करायची. मी लहानपणी आमच्या घरी पाहिलंय. आजोबा आधी जू उतरवत आणि कोठ्यात उंच खुंटीला टांगत. जोत्याच्या, नाड्याच्या वाद्यांना तेल लावून त्याही वरच, कारण उंदराला कातडं फार आवडतं. मग साटी उतरवून भिंतीला उभी. मग चाकं. चाक कधी मातीवर आडवं ठेवायचं नाही. दगडावर उभं करायचं, भिंतीला टेकवायचं, आणि मधेमधे थोडं फिरवायचं, म्हणजे एकाच पुठ्ठ्यात ओल बसत नाही. खाली चुलीतली राख पसरलेली, उधईसाठी. लाकडाला जवसाचं तेल. आसाला जुनं वंगण पुसून नवं, एरंडीच्या तेलातलं. दमणीच्या टपाच्या बांबूच्या कमानी वेगळ्या, त्यावरचं कापड वेगळं, घडी घालून माळ्यावर.

आता गंमत बघा. ही पद्धत आपल्या आजोबांनी शोधली असं मला वाटायचं. क्रीट बेटावरच्या नोसॉस इथल्या मातीच्या पाट्या मायकेल व्हेंट्रिसनं 1952 साली वाचल्या, त्यात राजवाड्याच्या रथांची नोंदवही निघाली. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. त्या कारकुनांनी रथाचे साटे एका यादीत आणि चाकं दुसऱ्या यादीत लिहिली आहेत. का? कारण चाकं काढून वेगळी ठेवत! होमरच्या ‘इलियड’मध्येही झ्यूस घरी आला की त्याचा रथ चौथऱ्यावर चढवून त्यावर कापड टाकतात. देवाच्या गाडीलासुद्धा गवसणी लागते, मग आपली काय कथा.

आपल्याकडचा पुरावा मात्र झाडाच्या नावात आहे. तिवस नावाचं एक झाड आहे, काही भागात त्याला काळा पळस म्हणतात. लाकूड चिवट, जड, धक्का खाऊन न फुटणारं. संस्कृतात हा तिनिश. अमरकोशात त्याची दुसरी नावं दिली आहेत: स्यंदन, नेमी, रथद्रु. स्यंदन म्हणजे रथ, नेमी म्हणजे चाकाची कड, आणि रथद्रु म्हणजे सरळ सरळ रथाचं झाड. तिवसा या गावाचं नाव त्यावरून पडलं की काय, हा वाद आज नको, मला सुखरूप घरी जायचंय. (हशा) धावड्याचंही तसंच, इंग्रजांनी त्याला नावच दिलं ‘ॲक्सलवुड’, आसाचं लाकूड. तुंब्याला बाभूळ आणि साट्याला साग. एका गाडीत एवढी जंगलं होती, आणि प्रत्येक लाकूड पाणी पिऊन वेगवेगळं फुगतं. ठेवण्याची खरी अडचण इथं आहे.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. लाकडाचं चाक लोखंडी धावेनं आवळलेलं असतं. लोहार धाव शेणाच्या गोवऱ्यांत लाल करतो, चाकावर बसवतो आणि पाणी ओततो. लोखंड आकसतं, आरे तुंब्यात गच्च रुततात. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं, चाक घट्ट वाटतं. आणि मग येतो ऑक्टोबर. लाकूड पटकन वाळतं, आकसतं, आणि धाव ढिली. म्हणून आजोबा सांगायचे की गाडीचा वैरी पाऊस नाही, पावसानंतरचं ऊन आहे. पोळा झाला तरी चाकं लगेच उन्हात काढायची नाहीत. सावलीत, वारा लागेल अशी, हळूहळू वाळू द्यायची. दसऱ्याला बाहेर काढून पूजा, मग सुतार-लोहाराकडं.

त्यांना तेव्हा उसंत नसायची, कारण दिवाळीनंतर कापूस निघायचा. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेलं, 1861 ते 65 अमेरिकेत यादवी झाली, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा हौशी शेतकऱ्यांनी चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. खऱ्या किती, खोट्या किती, ते सोडा, पण गोष्ट रचणाऱ्यालाही श्रीमंती दाखवायला चाकच सुचलं! 1867 साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. रेल्वेनं गाडी मारली असं आपण म्हणतो, ते बरोबर नाही. उलट शेतापासून स्टेशनापर्यंत कापूस न्यायला गाडीच लागायची, काम वाढलं. गाडीला मारलं ते पुढं ट्रॅक्टरनं आणि मोटारसायकलनं.

दमणी मात्र मालाची नव्हती, माणसांची होती. लेकीला आणायला, लग्नाला, कौंडण्यपूरच्या यात्रेला, बहिरमच्या जत्रेला. घरासारखी गाडी. इंग्लंडमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 साली हौसेनं फिरायला ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली, तिला तिकडं पहिली कॅराव्हॅन मानतात. बहिरमला दमणी सोडून राहुट्या ठोकणाऱ्या आमच्या आज्यांना ते कुणी सांगितलं नसावं. तिकडं आता अशा गाड्या हिवाळाभर ठेवून देतात, आणि सल्ला काय देतात? चाकांवरचा भार काढा, खालून हवा खेळू द्या, हवाबंद झाकू नका.

आणि इथं मला माझी लाज सांगायची आहे. आजोबा गेल्यावर दमणी कोठ्यातच होती. कोठा पडला, तिथं पक्की खोली झाली, दमणी अंगणात आली. मी शहरात नोकरीला. मोठ्या काळजीनं मी जाड प्लास्टिकची ताडपत्री आणली आणि दमणी चारही बाजूंनी जमिनीपर्यंत गुंडाळली, दोरीनं आवळली. वाटलं, काय छान झाकली! शेजारचे म्हातारे सुतार म्हणाले, “कायले बांधून ठेवतं बापू? भिजली त वाळंल. कोंडली त सडंल.” मी हसलो. दिवाळीत उघडली तेव्हा आतून वाफ आली. ओल्या जमिनीची वाफ वर चढली, प्लास्टिकला लागून थेंब झाली आणि रोज रात्री गाडीवरच पडली. साट्यावर पांढरी बुरशी, आणि जमिनीत टेकलेल्या चाकाच्या तीन पुठ्ठ्यांत बोट जात होतं. शंभर पावसाळे काढलेली गाडी मी एका पावसाळ्यात घालवली.

दुसरं चाक दगडावर होतं, ते वाचलं. आजही माझ्याकडे आहे.

इथल्या वाड्यांमागं, ओसऱ्यांखाली अजून काही दमण्या असतील. ताडपत्री असेल तर वरून तेवढी ठेवा, बाजू उघड्या सोडा, उतार द्या. चाकाखाली वीट द्या. आणि ज्यांच्या घरी जुनं चाक आहे त्यांनी पुठ्ठ्याचं लाकूड कुठलं, एवढं जाणत्या सुताराला विचारून मला कळवा. मी तिवस शोधतोय. आता प्रश्न घेऊ या.