मागचा आस
वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड दुरुस्तीला काढली तेव्हा मनात एकच होतं: मद्रासच्या कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली, तशी ती पुन्हा करायची. रंग झाला, सीटा झाल्या, राहिला मागचा एक्सल. १९७९ च्या सुमारास वडिलांनी मूळचा एक्सल काढून तिथे अखंड हाउसिंगचा, दोन्ही बाजूंना लांब पाटे असलेला दुसरा बसवून घेतला होता. त्यासाठी चासीला चार ब्रॅकेट वेल्ड केलेले. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी खाली वाकून पाहू लागलं की मी विषय बदलायचो.

शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे बेंगळुरूच्या भंगारबाजारात, मला एका मोडीत निघालेल्या हेराल्डचा मूळ संच मिळाला. डिफरन्शियल, दोन हाफ-शाफ्ट, आडवा पाटा. तो रिक्षात घालून मी जे. सी. रोडमागच्या गल्लीत, उस्तादांच्या गॅरेजात नेला. त्यांनी संचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, जे चांगलं चाललंय ते काढून हे घालायचं?"

त्यांचा प्रश्न कळायला या दोन एक्सलांमधला फरक सांगायला हवा. बैलगाडीचा आस सरळ असतो. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं. ॲम्बॅसडर काय, फियाट काय, दोघींचा मागचा भाग मूळ याच विचाराचा: दोन चाकं एका अखंड नळीच्या टोकांना, मधे डिफरन्शियल, आणि सगळं ओझं पाट्यांवर. हेराल्डचं तसं नाही. तिथे डिफरन्शियल चासीला पक्कं बांधलेलं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक हाफ-शाफ्ट पक्ष्याच्या पंखासारखा वरखाली होतो. हा स्विंग एक्सल. एडमंड रुम्पलर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे फोक्सवॅगन बीटलपर्यंत अनेकांनी तो वापरला. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण पंख वरखाली झाला की चाकाचा कलही बदलतो. वळणावर वेगात असताना एकदम पाय काढला, तर गाडीचं बूड उचललं जातं आणि बाहेरचं चाक आत दुमडू पाहतं. शेव्हरोले कॉर्व्हेरच्या याच स्वभावावर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण लिहिलं आणि अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षिततेचा वाद पेटला.

हेराल्ड १९५९ ची. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फची गाडी, रूप तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तींचं. इतर कारखाने एकसंध बॉडीकडे वळत असताना हिची चासी वेगळी आणि बॉडीचे तुकडे बोल्टने जोडलेले. भारतासारख्या ठिकाणी थोड्या संख्येने गाड्या जोडायला ही रचना सोयीची. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती बनवू लागली, हळूहळू भाग इथलेच झाले. पुढे चार दारांची हेराल्डही निघाली, जी इंग्लंडात कधीच झाली नाही.

आता गंमत अशी, की एकाच अडचणीला दोन शहरांनी दोन उत्तरं दिली. कॉव्हेंट्रीने स्विंग एक्सल सोडला नाही. १९७० च्या स्पिटफायरमध्ये आडव्या पाट्याची बांधणी बदलली: फक्त खालचं पान घट्ट, वरची पानं मधोमध झुलती. मद्रासने १९७२ मध्ये हेराल्डची जागा घेणारी गॅझेल काढली. इंजिन तेच जुनं ९४८ सीसीचं, पण मागे सरळ, अखंड, बैलगाडीच्या वंशातला एक्सल. कारण असं सांगतात, की इथल्या मालकांना आणि मेकॅनिकांना तो स्वतंत्र पंखांचा प्रकार रुचला नव्हता. कारखान्याने हे ऐकलं, ही मला या गाडीच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आपण मोटारींचा इतिहास लिहितो तो डिझायनरांचा आणि परवान्यांचा. रस्त्याकडेला जॅक लावून बसलेल्या माणसाचं मत ड्रॉइंग बोर्डापर्यंत पोचल्याची नोंद क्वचित सापडते.

उस्तादांना गॅझेलबद्दल सांगावं लागलं नाही. वडिलांनी बसवलेल्या हाउसिंगवरचं काळं वंगण त्यांनी रॉकेलने पुसलं आणि म्हणाले, "हे गॅझेलचंच आहे, कंपनीचं. तुमच्या वडिलांनी भलतंसलतं नाही घातलं."

मग त्यांनी मला मूळ संचाचं काम समजावून सांगितलं. मागच्या सीटजवळचं पत्र्याचं झाकण काढून पाट्याचे नट गाठायचे. हब निमुळत्या शाफ्टवर इतका घट्ट बसलेला, की जाड पुलरशिवाय तो हलत नाही, आणि घाईत हातोडा घातला तर शाफ्ट गेला. आतले क्रॉस बदलायचे. हे सगळं जमेल, ते म्हणाले. पण आडवा पाटा बसवायचा तर वडिलांचे चार ब्रॅकेट कापावे लागतील, आणि ती चासी पुन्हा तशी होणार नाही.

मी महिनाभर गाडी तिथेच ठेवली. दर उन्हाळ्यात आम्ही सहाजण, डिकीत ट्रंक, टपावर होल्डॉल, असे बेंगळुरूहून बेळगावला जायचो, पाचशे किलोमीटर. इतकं ओझं पडलं की स्विंग एक्सलची चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. वडील कारकून होते. टायरचे पैसे ते वहीत लिहीत. एक्सलचा खर्चही त्या वहीत असेल म्हणून शोधली, मिळाली नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "त्या वर्षी दिवाळीला कपडे नव्हते घेतले, एवढं आठवतं."

शेवटी गॅझेलचंच हाउसिंग उघडलं. बेअरिंगं आणि सील नवी घातली, क्राउन-पिनियन तपासला, गिअर ऑइल भरलं, पाट्यांची झिजलेली बुशं बदलली. ब्रॅकेटवरची वेल्डिंग उस्तादांनी वायर ब्रशने साफ करून रंगवली. तिथली रेघ वाकडीच होती, ती तशी ठेवली.

मेळाव्याच्या फॉर्मवर 'मूळ नसलेले भाग' असा रकाना असतो. तिथे मी यंदा लिहिलं: मागचा एक्सल, स्टँडर्ड गॅझेल, बसवला अंदाजे १९७९. परीक्षकांनी त्याचे गुण कापले. गुजरीतून आणलेला संच जिन्याखाली पोत्यावर पडून आहे, आणि त्यातून अजून थेंब थेंब तेल गळतं.