सोयाबीन तेच, परिणाम निराळे

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कुरणांत १९४० च्या दशकात मेंढपाळांपुढे एक विलक्षण संकट उभे राहिले. कुरणे हिरवीगार होती, मेंढ्या धष्टपुष्ट दिसत होत्या. पण त्या गाभण राहीनाशा झाल्या. ज्या राहिल्या त्यांची प्रसूती अडू लागली, काहींचे गर्भाशय बाहेर येऊ लागले. खच्ची केलेल्या नरांना दूध उतरल्याचेही आढळले. बेनेट्स, अंडरवुड आणि शियर या संशोधकांनी १९४६ मध्ये या वांझपणाचा संबंध कुरणात मुद्दाम लावलेल्या ‘सबटेरेनियन क्लोव्हर’ या द्विदल चाऱ्याशी जोडला. या चाऱ्यात इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखे वागणारे काही पदार्थ होते. त्यांना वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन म्हणतात.

प्रथम संशय गेला तो जेनिस्टेईन या घटकावर, कारण उंदरांवरील चाचण्यांत तोच प्रभावी ठरला होता. पण मेंढीच्या कोठीपोटातील जीवाणू जेनिस्टेईनची मोडतोड करून ते निरुपद्रवी करून टाकतात. खरा अपराधी निघाला तो फॉर्मोनोनेटिन हा दुसरा घटक. तो स्वतः अतिशय दुबळा. मात्र तेच जीवाणू त्याचे आधी डेड्झेईन आणि मग ‘इक्वॉल’ या प्रभावी द्रव्यात रूपांतर करतात. म्हणजे मेंढ्यांना बाधले ते चाऱ्यात नव्हतेच, ते त्यांच्या पोटात तयार होत होते. पुढे फॉर्मोनोनेटिन कमी असलेले वाण निवडून लावण्यात आले, तेव्हा हे संकट ओसरले.

इक्वॉलची ओळख त्याही आधीची. १९३२ मध्ये मॅरिअन आणि हॅझलवूड यांनी ते गाभण घोडीच्या मूत्रातून वेगळे केले आणि घोड्याच्या लॅटिन नावावरून त्याचे बारसे केले. जवळजवळ अर्धशतक ते जनावरांपुरतेच मानले गेले. १९८२ मध्ये ते माणसाच्याही मूत्रात सापडले, आणि १९८४ मध्ये केनेथ सेचेल व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की सोयाबीनचे पदार्थ खाल्ल्यावर त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. मात्र सर्वांचे नव्हे. गेल्या काही दशकांतील सोयाबीनविषयक बऱ्याच वादांचे मूळ या अपवादात आहे.

सोयाबीनमध्ये डेड्झेईन सुटे नसते. त्याला साखरेचा रेणू जोडलेला असतो व या जोडरूपाला डेड्झिन म्हणतात. एवढा मोठा रेणू आतड्याच्या अस्तरातून सहसा शोषला जात नाही. लहान आतड्यातील विकरे आणि जीवाणू ती साखर तोडतात, तेव्हा डेड्झेईन मोकळे होते. त्यातील काही रक्तात जाते, उरलेले मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या हाती लागते. इथून दोन वाटा फुटतात. एका वाटेने ‘ओ-डिमेथिलअँगोलेन्सिन’ हे लांबलचक नावाचे, फारसे प्रभावी नसलेले द्रव्य बनते. बहुसंख्य माणसांत ते होते. दुसऱ्या वाटेने तीन विकरे एकापाठोपाठ काम करतात आणि इक्वॉल तयार होते. हे काम करणाऱ्या जीवाणूंपैकी एकाला फिनलंडचे संशोधक हर्मन अ‍ॅडलरक्रॉइट्झ यांच्या गौरवार्थ २००८ मध्ये ‘अ‍ॅडलरक्रॉइट्झिया इक्वॉलिफेशियन्स’ असे नाव देण्यात आले.

मानवी शरीराला स्वतःहून इक्वॉल बनवता येत नाही. जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सोयाबीन दिले तरी त्यांच्यात ते आढळत नाही. पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्के प्रौढांच्या आतड्यात ते बनते. जपान, कोरिया व चीनमध्ये हे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जाते. २००६ मधील एका अभ्यासात शाकाहारी व्यक्तींपैकी ५९ टक्के, तर मांसाहारींपैकी २५ टक्के इक्वॉल बनवणारे निघाले. आहाराने जीवाणू घडतात, की अन्य काही कारणे आहेत, याचा निर्णय अशा आकड्यांवरून करता येत नाही.

या भेदाचे महत्त्व रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांना अधिक. अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे या तक्रारींवर संप्रेरक उपचार दिले जात. २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्यामुळे मध्येच थांबवण्यात आला आणि अनेकींची दृष्टी सोयाबीनकडे वळली. पण सोयाबीनच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. कुठे गुण दिसला, कुठे नाही. त्याच वर्षी सेचेल यांनी सुचवले, की इक्वॉल बनवणाऱ्या व न बनवणाऱ्या स्त्रियांची सरसकट सरासरी काढल्याने खरा परिणाम झाकला जात असावा. इक्वॉल इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहकाला डेड्झेईनपेक्षा अधिक घट्ट चिकटते, हे या तर्काला पूरक आहे. तरीही तो अद्याप सर्वत्र सिद्ध झालेला नाही. जपानमध्ये मात्र सोयाबीनचे अंकुर जीवाणूंकडून आंबवून तयार केलेल्या इक्वॉलच्या गोळ्या २०१४ पासून विक्रीस आहेत. ज्यांच्या आतड्यात हे काम होत नाही, त्यांच्यासाठी ते कारखान्यात करून घेतलेले!

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उदंड पिकते आणि त्याचे तेल घरोघरी वापरले जाते, पण हे घटक तेलात उतरत नाहीत. ते पेंडीत राहतात. सोयाबीनच्या वड्यांतून वा पिठातून ते मिळतात, फोडणीतून नव्हे.

मराठी स्वयंपाकघराचा याहून जुना संबंध आहे तो लिग्नन या दुसऱ्या गटाशी. जवस हा त्याचा सर्वांत समृद्ध स्रोत, आणि तिळातही ते भरपूर असतात. लिग्ननपासून ‘एन्टेरोडायोल’ व ‘एन्टेरोलॅक्टोन’ ही द्रव्ये बनतात. १९८० च्या सुमारास ती मूत्रात प्रथम सापडली, तेव्हा स्त्रीच्या मासिक चक्रानुसार त्यांचे प्रमाण बदलताना दिसल्याने ती शरीराचीच नवी संप्रेरके असावीत, असा समज झाला होता! प्रत्यक्षात हे जीवाणूंचे सामुदायिक काम आहे: कोणी साखर तोडतो, कोणी मेथिल गट काढतो, कोणी हायड्रॉक्सिल. यातील एकही जात एकटीने सारे करीत नाही. मात्र इक्वॉलप्रमाणे येथे मोजक्यांचीच मक्तेदारी नाही. बहुतेकांच्या आतड्यात थोडेफार एन्टेरोलॅक्टोन बनते. अख्खे जवस पुष्कळदा न पचताच बाहेर पडतात आणि जीवाणूंच्या हाती काही लागत नाही. भाजून कुटलेल्या जवसाच्या चटणीत ही अडचण नसते.

हा कारखाना बंदही पडू शकतो. फिनलंडमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, प्रतिजैविके घेतलेल्या लोकांच्या रक्तात एन्टेरोलॅक्टोनचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले आणि औषध संपून कित्येक महिने लोटल्यावरही ही तूट दिसत होती. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत, असे डॉक्टर सांगतात. नेहमीच्या जेवणातील सोयाबीन किंवा जवस यांच्याबाबत मात्र तसा आक्षेप घेतला जात नाही.