नगरच्या शाळा आणि चौदा वर्षांची लेखिका

सहावी-सातवीच्या वयांत मूल वाचावयास शिकलेलें असतें. आतां तें वाचलेल्या गोष्टींचा जाब विचारूं लागतें. घरचीं वडील मंडळी त्यास उद्धटपणा म्हणतात, आणि पुष्कळदां शिक्षकही त्यांच्याच पक्षास मिळतात. या वयाला हात कसा द्यावा याचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे, व त्याचे दोन धागे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जाऊन पोंचतात.

सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या. १८३९ पासून १८६२ सालच्या मृत्यूपर्यंत त्यांचें कार्य नगरास चाललें. मिशनचा मूळ हेतु धर्मप्रसाराचा, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांनीं चालविलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनीं मित्रासह जाऊन पाहिल्या, आणि त्या पाहून त्यांस जें वाटलें त्याचें फळ १८४८ सालीं पुण्यास भिडे वाड्यांत दिसून आलें. तेथें शिकविणाऱ्या सावित्रीबाई स्वतः त्या वेळीं अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. मुलींचीं लग्नें तेव्हां इतक्या लहानपणीं होत कीं, ज्या वयांत विचारांस अंकुर फुटावयाचे, नेमक्या त्याच वयांत हातांतली पाटी जाई.

फुले दांपत्याच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग मुलीच्या हातांतली पाटी मात्र गेली नाहीं. तीन वर्षांचें शिक्षण झालें असतां, वयाच्या सुमारें चौदाव्या वर्षीं, तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला. १८५५ सालीं तो 'ज्ञानोदय' पत्रांत प्रसिद्ध झाला. हें पत्र १८४२ सालीं नगरासच निघालें होतें. निबंधांत मुलगी विचारते, वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता? पेशवाईंत तालीमखान्यापुढून जाण्याचें शासन काय होतें, डोक्यावर छप्पर नसतां बाळंत होणाऱ्या बायांचे हाल काय होतात, हें ती आडपडदा न ठेवितां सांगते. शेवटीं आपल्याच लोकांना विद्येचें औषध घेण्याची विनंति करते.

यांत मुलीची बुद्धि मोठी खरीच. पण तिच्या शिक्षकांकडेही पाहिलें पाहिजे. गाय, पावसाळा व आवडता सण यांपलीकडे निबंधाचा विषय न नेणारे आपण शिक्षक (प्रस्तुत लेखकाचाच हा व्यवसाय, म्हणून बोलण्याची मुभा) असा निबंध हातीं आला तर त्यांतील शुद्धलेखन तपासूं. मुक्ताबाईस घरचें दुःख शाळेच्या दाराबाहेर ठेवून यावें लागलें नाहीं. तिच्या अक्षराइतकाच तिचा संतापही अभ्यासाचा भाग ठरला, आणि तो छापून चारचौघांपुढें ठेवणारें पत्र मिळालें. वाढत्या मुलास शाळेंत खिळवून ठेवणारें याहून मोठें आकर्षण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. सहा ते चौदा वयाच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा व्हावयास २००९ साल उजाडलें. कायद्याची मर्यादा जेथें संपते, त्याच वयांत मुक्ताबाईनें लेखणी हातीं धरली होती. तिचें आज ज्ञात असलेलें लेखन तेवढेंच, एक निबंध.